पावसाळा, टायफॉइड आणि घरातल्या सवयी : तुमच्याकडे काय टिकलं?

गोदाकाठ | १२ जुलै

नमस्कार मंडळी. गेले पाच आठवडे आमच्या घरी आजारपण मुक्कामाला आहे. आधी धाकटीला ताप आला. सकाळी जरा उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. जीभ पांढरी, पोट दुखतंय, खायला काही नको. रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉइड निघाला. ती उठून बसते न बसते तोच सासऱ्यांनी अंथरूण धरलं. त्यांनाही तेच.

डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. घरात पाणी कोण भरतं? पोळ्या कोण करतं? पोरीचं आजारपण कोणी काढलं? तिन्हींचं उत्तर मीच होते. ते रागावले नाहीत, पण रिक्षातून पंचवटीला येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मी काही अस्वच्छ बाई नाही. घर रोज पुसलं जातं, भांडी लखलखीत असतात. म्हणून एक दिवस ठरवून स्वतःवर नजर ठेवली. फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवला. हात धुवायला हवेत असा प्रसंग आला की पेन्सिलीनं एक रेघ, खरोखर साबणानं धुतले तर त्या रेघेवर आडवी काट. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तेवीस रेघा झाल्या, काटा फक्त सात. उरलेल्या सोळा वेळा मी हात नुसते पाण्याखाली धरले होते किंवा पदराला पुसले होते. त्यातली एक वेळ पोरीचे कपडे भिजत घालून कणीक मळायला घेतली ती होती.

कारण शोधलं तर अगदी साधं निघालं. ओट्याच्या सिंकपाशी भांड्यांचा साबण आणि घासणी, एवढंच. हाताचा साबण बाथरूममध्ये. गॅसवर भाजी चढवलेली असताना तिकडे कोण जातंय? त्याच रात्री एक वडी आणून सिंकच्या डाव्या अंगाला ठेवली. दुसऱ्या दिवशी तेवीसाला अठरा काटा आल्या. मी काही एका रात्रीत शहाणी झाले नव्हते, फक्त साबण हाताशी आला होता.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. माठावर स्टीलचा पेला पालथा असतो, जो येतो तो बुडवून पाणी घेतो. मी मुद्दाम उभी राहून पाहिलं. धाकट्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात जातात. बेसिनपाशी एकच नॅपकिन, पावसात वाळतच नाही, घरातली सहा माणसं त्याला हात पुसतात. हात धुवायचे आणि त्याला पुसायचे, म्हणजे धुतलेलं सगळं परत घ्यायचं.

काय करायला हवं याच्या याद्या मला नकोत, त्या मोबाइलवर रोज येतात. तुमच्या घरात खरंच कुठली सवय रुजली आणि ती कशी टिकली, ते सांगा.

फॅमिली_डॉक्टर | १२ जुलै

ताई, तुम्ही कागदावर रेघा मारल्यात ते फार बरं केलंत. पेशंटला विचारलं की तो नेहमी "धुतो की हात" असंच म्हणतो आणि त्याला ते खरंही वाटत असतं.

टायफॉइडबद्दल एक सांगतो, कारण नाशिकमध्ये याचं खापर नेहमी कालच्या मिसळीवर फुटतं. जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. त्यामुळे काल काय खाल्लं हे आठवून काही हाती लागत नाही. शिवाय उकळत्या तर्रीत जंतू टिकत नाहीत. जपायचं असेल तर वरून घातलेला कच्चा कांदा, चिरून ठेवलेलं लिंबू, दही, पाण्याचा जग आणि ते सगळं वाढणारा हात यांना जपा.

दुसरं म्हणजे ताप गेला की जंतू गेले असं होत नाही. बरा झालेला माणूस काही आठवडे शौचावाटे जंतू टाकत राहू शकतो, आणि थोड्या जणांत तर ते पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून घरात टायफॉइड झालेल्याने काही दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये, पाणी भरू नये. सासऱ्यांनी शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणं हे सध्या तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं औषध समजा. ताप उतरला तरी गोळ्यांचा कोर्स पुरा करा. टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे देता येते. बाकीच्यांसाठी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

हात किती वेळ धुवायचे? वीस सेकंद. घड्याळ कोणी बघत नाही, म्हणून मी मुलांना बेचा पाढा म्हणायला सांगतो. बे एके बे पासून बे दाहे वीस, सावकाश. तेवढ्यात तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखं सगळं होतं. अंगठा आणि नखं हमखास राहतात.

सॅनिटायझर करोनापासून सगळ्यांच्या पिशवीत आलं आहे. प्रवासात चांगलंच आहे, पण त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं आणि हात दिसायला स्वच्छ, कोरडे हवेत. तेलकट किंवा मातीच्या हाताला त्याचा उपयोग नाही. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस आणि आमांशाच्या अमिबाची पुटी अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत. साबण त्यांना मारत नसला तरी तेल-मळासकट सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो.

आमच्या व्यवसायातली जुनी गोष्ट आहे. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं की शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातून बाळंतिणी तापाने दगावतायत. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. तरी बरोबरीच्या डॉक्टरांना ते पटेना. आपले हात घाणेरडे असतील हे कोणाला मान्य करवत नाही. म्हणून तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं.

शाळेतली_बाई | १३ जुलै

मी त्र्यंबकच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुपारच्या खिचडीआधी हात धुवा हे मी तीन वर्षं सांगितलं. मुलं "हो बाई" म्हणायची आणि नळाखाली बोटं ओली करून रांगेत बसायची. साबण ठेवला की मातीत पडायचा नाहीतर नाहीसा व्हायचा.

मग आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी जुन्या मच्छरदाणीच्या जाळीची पुरचुंडी केली, त्यात वडी घातली आणि सुतळीनं नळाला टांगली. जाळीसकट हातावर चोळली की फेस येतो, वडी पडत नाही, कोणी खिशात घालत नाही. नळ तीन, पुरचुंड्या तीन. मावशी चौथीतल्या दोघांना नळापाशी उभं करतात. हात पुढे करून वास द्यायचा, साबणाचा वास आला तरच ताट मिळतं. आता पहिलीतलं पोरसुद्धा हात नाकाला लावून मगच येतं.

सोमवारी परिपाठाला नखं बघते. नेलकटर माझ्या पर्समध्येच असतं, कारण कितीतरी घरांत ते नसतं. घरी नेलकटर नसलेल्या मुलाला नखं वाढली म्हणून रागावणं मला पटत नाही.

मातीतला | १३ जुलै

सगळं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही मळ्यात वाढलो, ओढ्याचं पाणी प्यायलो, पेरू झाडावरून काढून तसाच खाल्ला. काही झालं नाही. आता सारखं हात धुऊन मुलांची प्रतिकारशक्ती जात नाही का? माझ्या भावाची मुलं बाटलीचंच पाणी पितात आणि महिन्यातून दोनदा आजारी पडतात.

जुनं_नाशिक | १३ जुलै

मातीतला, तुमच्या वयाचा अंदाज नाही, पण मी एकाहत्तर वर्षांचा आहे, म्हणून सांगतो. माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. सात मुलं हाताला लागली. गेलेल्या चौघांपैकी दोघं हगवणीनं गेली, एक विषमज्वरानं. विषमज्वर म्हणजे आताचा टायफॉइड. "आम्हाला काही झालं नाही" असं सांगायला जी राहिली तीच सांगतात. बाकीची सांगायला नाहीत. आजी त्या चौघांची नावं रोज देवापुढे घ्यायची.

मातीत खेळू द्या की, चिखलात लोळू द्या, गाय-वासराला हात लावू द्या. घरी आल्यावर आणि ताटावर बसण्याआधी मात्र साबण. त्यात कसली प्रतिकारशक्ती जाते? पोटाचे हे रोग माणसाच्या विष्ठेतून येतात, खेळातल्या मातीशी त्यांची गल्लत नको.

जुन्या नाशकात तिवंध्यापाशी आमचा वाडा होता. दिंडी दरवाज्यातून आत आलं की डाव्या हाताला दगडी डोणी, तिच्यावर तांब्या. पाय आणि हात धुतल्याशिवाय ओसरीवर चढायचं नाही. पाहुणा असो की घरचा. कोणाला आठवण करावी लागत नसे, कारण डोणी ओलांडल्याशिवाय आत येताच येत नव्हतं. आता फ्लॅटच्या दारात चपलांचं कपाट असतं आणि बेसिन पार आत. माझ्या मुलाला नवीन घर घेताना मी एवढंच म्हटलं होतं, दाराजवळ एक छोटं बेसिन काढून घे.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. सोवळ्यानं माणसं दूर ठेवली, जंतू नाही ठेवले. ओल्या सोवळ्यानं वाढणाऱ्या बायकांच्या हाताला साबण लागत नसे. आपल्या गोदाघाटावर गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. त्यांनी आयुष्यभर हातात झाडू धरला, ज्या गावात कीर्तन त्या गावचे रस्ते आधी झाडले आणि जातपात मानू नका हेही त्याच कीर्तनात सांगितलं. मला ती स्वच्छता मोठी वाटते.

आणि गोदाकाठ ताई, माठावरचा पेला आजच काढा. पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं आणा.

सिडकोकर | १४ जुलै

टायफॉइड म्हटल्यावर मला लिहिणं भाग आहे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, २४ फ्लॅट. गेल्या पावसाळ्यात आठवड्याभरात पाच घरांत जुलाब, दोन मुलांना कावीळ. सगळे आपापल्या घरात हात धुत होते, फिल्टर बदलत होते. मग एका आजींनी विचारलं, "खालच्या टाकीत कोणी डोकावलंय का?"

गंगापूर धरणाचं पाणी शुद्धीकरण होऊन आपल्या गेटपर्यंत येतं, पण गेटच्या आतली टाकी आपली असते. आमच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या बरोबरीनं होतं, एका कोपऱ्याला चीर गेलेली, आणि ड्रेनेजचा चेंबर तिथून चार फुटांवर. जोराचा पाऊस झाला की चेंबर तुंबायचा आणि ते पाणी फरशीवरून झाकणाकडे जायचं. टॉर्च मारला तर तळाला बोटभर गाळ आणि भिंतीला शेवाळ. तीन वर्षांत टाकी धुतल्याची नोंद कुठेच नव्हती, त्यात माझीही दीड वर्षं आली. त्या दोन मुलांच्या आईवडिलांना भेटायला गेलो तेव्हा मान वर करवत नव्हती.

आता काय करतो ते लिहितो. झाकणाभोवती नऊ इंचाचा कट्टा बांधून घेतला, त्यावर नवीन झाकण आणि कुलूप. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि दिवाळीआधी, दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करून घासून घेतो. आत माणूस उतरणार असेल तर पंप मेन स्विचपासून बंद, झाकण बराच वेळ आधी उघडं आणि वर दुसरा माणूस हजर. बंद टाकीत प्राणवायू कमी पडून माणसं गेली आहेत, इथे घाई नको.

गढूळ पाणी आलं की ब्लीचिंग, म्हणजे टीसीएल. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि तासभर पाणी वापरायचं नाही. पावडर जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. म्हणून शेवटच्या मजल्यावरच्या नळाला ओटी टेस्ट करतो. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. रंग तक्त्याशी जुळवून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हेच करतो. शहरात आपण ते कोणीतरी करत असेल असं धरून चालतो.

तुरटीबद्दलही सांगतो, कारण आमच्याकडे अर्धी बिल्डिंग तुरटी फिरवून निर्धास्त होती. तुरटीनं गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. जंतू मारायला क्लोरीन हवा नाहीतर उकळी हवी.

द्राक्षबाग | १४ जुलै

दिंडोरी तालुक्यातून. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, तेव्हा बागेत दहा-बारा मजूर असतात. मी एकदा बांधावर बसलेल्या गड्याला बघत होतो. डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीचं औषध मारून आला, हात पँटला पुसले, चुनाळू काढलं आणि त्याच तळव्यावर तंबाखू मळून ओठात धरली. औषध, माती, सगळं थेट तोंडात. मी चार शब्द बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि दुपारी पुन्हा तेच, कारण हात धुवायला त्याला विहिरीपर्यंत जावं लागत होतं.

आता पंपाच्या शेडबाहेर नळ लावलेला वेगळा ड्रम आहे, त्यावर पांढऱ्या रंगानं "हात" लिहिलंय. फवारणीच्या द्रावणाचा ड्रम निळा, त्याला हात कोणी लावायचा नाही. साबण टांगलेला. जाळीची युक्ती बाईंकडून घेतो, आमचा साबण कावळे नेतात. बायांसाठी बागेच्या कडेला संडास बांधला. तो नव्हता तोवर त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं.

आणि शहरातल्या मंडळींनो, द्राक्षं घरी नेली की वाहत्या पाण्याखाली घड धरा, मणी हलक्या हातानं चोळा, मग खा. तो पांढरा थर मण्याचा स्वतःचा असतो, त्याला घाबरू नका, पण धूळ आणि दहा जणांचे हात त्यावरून गेलेले असतात.

अंबड_शिफ्ट | १४ जुलै

आम्ही रूमवर सहा जण राहतो, कंपनीत तीन शिफ्ट. डेंग्यू दोन वर्षांत तिघांना झाला. पाणी एकदाच येतं म्हणून ड्रम भरून ठेवायचो, वर फळी. मलेरियाच्या सर्वेला आलेल्या ताईंनी बॅटरी मारून ड्रममधल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डासाची मादी पाण्याच्या काठाला अंडी चिकटवते, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, कडा घासायला लागते. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस. म्हणून आठवड्याला एक दिवस कोरडा. आमचा गुरुवार, त्या दिवशी कंपनीला सुट्टी. ज्याची फर्स्ट शिफ्ट संपून रात्र मोकळी गेली तो घासतो. फ्रिजच्या मागचा ट्रेसुद्धा, तो सगळे विसरतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे नाइट करून दिवसा झोपणाऱ्यानं मच्छरदाणी लावायची.

पुतण्याची_काकू | १५ जुलै

डॉक्टर, रामकुंडाचं पाणी आमच्याकडे गडूत भरून आणतात आणि तीर्थ म्हणून सगळ्यांना देतात. वहिनीला आठवा महिना आहे. नको म्हणायला जड जातं. आता २०२७ च्या सिंहस्थाला गावाकडचे सगळे येणार.

फॅमिली_डॉक्टर | १५ जुलै

ताई, श्रद्धेच्या आड न येता सांगतो. ते पाणी देवाला स्नानाला वापरा, दारात शिंपडा. तीर्थ म्हणून द्यायचं असेल तर उकळून, गार करून द्या. उकळल्यानं तीर्थाचं तीर्थपण जात नाही. वहिनींना मात्र न उकळलेलं एक पळीभरही देऊ नका. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा ई प्रकार शेवटच्या महिन्यांतल्या गर्भवतीला जिवावर बेतू शकतो. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना माझ्या नावानं वाचून दाखवा.

जुलाब सुरू झालेच तर वाट बघू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा तयार ओआरएसचं पाकीट. लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, डॉक्टर सांगतील त्या मात्रेनं. मूल सुस्त झालं, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना.

मातीतला | १५ जुलै

जुनं नाशिक काका, तुमचं वाचून आईला फोन केला. माझ्या आधी एक बहीण होती, दीड वर्षाची होऊन गेली, हे मला आज कळलं. जुलाबानंच. आई म्हणाली, "कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही." भावाच्या मुलांबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो.

गोदाकाठ | १९ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांचा ताप उतरला आहे. मऊ भात खातात. त्यांच्या शौचालयाच्या कडीलाच जाळीत साबण टांगलाय, बाईंच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. ते बेचा पाढा मोठ्यानं म्हणतात, आम्हाला बाहेर ऐकू येतं.

मोठा नॅपकिन काढून टाकला. जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे केले, प्रत्येकाला एक, वेगळ्या खुंटीवर, रोज संध्याकाळी धुवायला. पावसात वाळत नाहीत म्हणून पोळ्या झाल्यावर तव्याच्या उबेवर धरते. चार दिवस सांभाळलंय. सोसायटीच्या टाकीचं झाकण आम्ही काल उघडलं, सिडकोकर दादांच्या टाकीइतकं वाईट नव्हतं, पण झुरळं होती. रविवारी धुवायला माणसं येतायत.

ओगराळ्यासाठी भांडी बाजारात गेले होते. तीन दुकानांत पोरांना शब्दच कळेना, डाव दाखवत होते. चौथ्या दुकानातल्या आजोबांनी वरच्या माळ्यावरून काढून दिलं, पितळी, हातभर दांड्याचं, टोकाला आकडा. घरी आणून चिंचेनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि माठाशेजारच्या खिळ्याला लावलं. धाकट्यानं पहिल्या दिवशी दोनदा पाणी सांडलं. तिसऱ्या दिवशी शेजारचा मित्र पेला घेऊन माठापाशी गेला तर हा ओरडला, "बोटं नाही बुडवायची, ते घे!"

जुनं_नाशिक | १९ जुलै

ते आजोबा चौथ्या दुकानातले ना, जिन्याखालचं? माझ्या आईनं तिथूनच घेतलं होतं. दांडा सैल झाला तर त्यांच्याकडेच न्या, रिव्हेट मारून देतात.